पहिल्या सीझनच्या पिल्लांना वेळ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रेसिंग कबुतरांची, म्हणजे लांब नेऊन सोडल्यावर घरी परतायची शर्यत लावतात त्या कबुतरांची, बातमी पेपरात येते ती बहुतेक पैशांचीच असते. २०२० च्या नोव्हेंबरात न्यू किम नावाची बेल्जियमची मादी १६ लाख युरोला विकली गेली तेव्हा सगळीकडे छापून आलं, आणि ओळखीचे लोक मला विचारायला लागले की तुमच्याकडे आहे का हो असं एखादं. पण ज्या पिल्लांचा पहिला सीझन असतो आणि त्यातली जी घरी येतच नाहीत त्यांच्याबद्दल कुठे एक ओळ दिसत नाही, म्हणून हे पत्र. मी बरीच वर्षं कबुतरं पाळतोय आणि मला एकच गोष्ट सांगायचीय, हरवणाऱ्या पिल्लांमधली बरीचशी कमजोर नसतात, आपण त्यांना घाईने बाहेर काढलेलं असतं.

घाई कुठून सुरू होते बघा. अंडं उबायला १७-१८ दिवस लागतात, मग पहिले काही दिवस नर आणि मादी दोघंही गळ्याखालच्या पिशवीत तयार होणारं दूध पाजतात, हो, नरसुद्धा, नवीन माणसाला हे पटतच नाही. सातव्या दिवसाच्या आसपास पायात बंद रिंग घालायची, थोडे दिवस जास्त गेले की पाऊल मोठं होतं आणि रिंग चढत नाही. २५ ते ३० दिवसांनी आईबापापासून वेगळं करायचं. आता हे महिन्याचं पिल्लू दिसायला जवळपास मोठ्या कबुतराएवढं असतं, आणि गडबड इथेच होते, माणसाला वाटतं झालं हे तयार. अहो, त्याला अजून पाण्याचं भांडं सापडत नसतं! वेगळं केलं त्या दिवशी मी एकेकाची चोच हाताने हळूच पाण्याला लावून दाखवतो आणि तो घोट घेतो की नाही ते बघतो. ज्यांना हे कंटाळवाणं वाटतं त्यांनी पिल्लं पाळू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यानंतर छपरावरचे दिवस. जाळीच्या पिंजऱ्यात बसवून पिल्लांना आजूबाजूचं सगळं बघू द्यायचं, कुठे झाड आहे, कुठे टाकी आहे, सूर्य कुठून येतो, आपल्या लॉफ्टचं, म्हणजे कबुतरखान्याचं, दार वरून कसं दिसतं. मग एखाद्या शांत संध्याकाळी दाणा द्यायच्या आधी, म्हणजे थोडी भूक असताना, पिंजरा उघडायचा आणि बाजूला होऊन गप्प बसायचं. काही लोक टाळ्या वाजवून, काठीला फडकं बांधून पहिल्याच दिवशी हाकलतात. घाबरून उडालेलं पिल्लू दिशा न बघता सरळ जातं आणि मग खाली उतरायला घाबरतं, असं एका संध्याकाळी चार-पाच सहज जातात. त्याला स्वतःहून उडू दे ना, आज नाही उडलं तर उद्या उडेल.

शिट्टी आणि दाणा यांचं नातं पण याच दिवसांत बसतं. शिट्टी वाजली की ट्रॅपमधून, म्हणजे लॉफ्टच्या आत शिरायच्या छोट्या दारातून, आत, आत गेलं की दाणा, हे रोज, एकही दिवस न चुकता. नवीन लोक याला किरकोळ समजतात पण रेस तिथेच हरतात. सोडायच्या जागेपासून प्रत्येकाच्या लॉफ्टचं अंतर वेगवेगळं असतं म्हणून निकाल मीटर दर मिनिट असा काढतात, आणि वेळ थांबते ती कबुतर छपरावर आलं तेव्हा नाही, आत येऊन रिंग नोंदली गेली तेव्हा. २०० किलोमीटर २ तास ४६ मिनिटं ४० सेकंदात कापलं तर वेग पडतो १२०० मीटर, तेच कबुतर छपरावर पाच मिनिटं पिसं साफ करत बसलं की उतरला ११६५ वर. पाखराने आकाशात सगळं बरोबर केलेलं असतं, कमी पडलेलो असतो आपण.

मग एक दिवस थवा वर जातो आणि दिसेनासा होतो. अर्धा तास, एक तास, कधी त्याहून जास्त. पहिल्या वर्षी मी गच्चीवर उभा राहून रडकुंडीला आलो होतो, वाटलं गेली सगळी, आणि तेवढ्यात एका बाजूने सगळा थवा खाली झेपावत आला. याला आम्ही रेंजिंग म्हणतो आणि ही सगळ्यात चांगली खूण आहे, पिल्लं स्वतःच आसपासचा नकाशा बनवत असतात. जोपर्यंत पिल्लं अशी लांब फिरून येत नाहीत तोपर्यंत बास्केटमध्ये घालून कुठे न्यायचंच नाही. वय किती झालं, शेजारच्याची पिल्लं कुठवर गेली, हे बघू नका, हे बघा.

बास्केटची सवय तर लोक चक्क विसरतात. ज्याने आयुष्यात बास्केट पाहिली नाही त्याला एकदम अनोळखी कबुतरांत कोंबून रात्रभर गाडीतून नेलं तर ते पाणीच पीत नाही, आणि तहानलेलं पिल्लू सकाळी सोडलं की पहिल्या पाणवठ्यावर उतरतं, तिथे मांजर असतं, ससाणा असतो. म्हणून आधी घरीच दोन-तीन रात्री बास्केटमध्ये ठेवायचं, बाहेरून पाण्याची पन्हळ लावायची, सकाळी तिथूनच लॉफ्टमध्ये सोडून दाणा द्यायचा. बास्केट म्हणजे भीती नाही, बास्केटनंतर घर आणि दाणा, एवढं त्याच्या डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

आता टॉस, म्हणजे बास्केटमधून लांब नेऊन सोडायचा सराव. मी ३-४ किलोमीटरपासून सुरू करतो, तिथूनच दोन-तीनदा, मग ८, १५, २५, ४०, ६० असं, आणि एखाद्या अंतरावरून पिल्लं उशिरा किंवा विस्कटून आली तर पुढे न जाता तिथूनच परत. गाडीतून उतरल्या उतरल्या सोडायचं नाही, १५-२० मिनिटं बास्केट उघड्यावर ठेवून शांत होऊ द्यायचं. आणि आकाश स्वच्छ पाहिजे, सोडायच्या जागी आणि घरी दोन्हीकडे.

हे मी कसा शिकलो तेही लिहितो. दुसऱ्या वर्षी माझ्याकडे २२ पिल्लं होती, १५ किलोमीटरवरून दोनदा झकास आलेली. तिसऱ्या वेळी मी थेट ६० ला गेलो. तिथे धुकं होतं, थांबलो असतो तर दोन तासांत निवळलं असतं, पण मला कामावर पोचायचं होतं आणि मी दार उघडलं. पिल्लं वर गेली, गोल गोल फिरली, काही विजेच्या तारांजवळून खाली आली, परत वर गेली आणि तीन तुकड्या होऊन तीन दिशांना गेली. संध्याकाळपर्यंत ७ आली, दुसऱ्या दिवशी ४, त्यातल्या एकाची छाती तारेने फाटलेली. ११ कधीच आली नाहीत. पुढच्या वर्षी त्याच जोड्यांची पिल्लं, तेच रक्त, मी पायरी पायरीने नेली तर सगळ्या ट्रेनिंगमध्ये दोनच गेली. मग त्या ११ जणांत खोट होती असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

धुक्यात काय बिघडतं याचं उत्तर शास्त्रज्ञांनी बरंच आधी दिलंय. कबुतर सूर्याचा होकायंत्रासारखा वापर करतं, पण त्यासाठी त्याला वेळेचं भान लागतं, कृत्रिम उजेडात ठेवून त्याचं आतलं घड्याळ सहा तासांनी सरकवलं तर ते साधारण ९० अंश चुकीच्या दिशेला निघतं. १९७१ मध्ये अमेरिकेच्या विल्यम कीटन यांनी कबुतरांवर छोटी चुंबकं बांधून पाहिली, उन्हात ती नीट निघाली पण ढगाळ दिवशी गोंधळली, म्हणजे सूर्य नसला की पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आधार घेतात असा त्याचा अर्थ लावला गेला. इटलीत फ्लोरियानो पापी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वासाचं महत्त्व दाखवलं, वासाची नस तोडलेली कबुतरं अनोळखी ठिकाणाहून घर शोधू शकत नव्हती. आणि ऑक्सफर्डच्या लोकांनी पाठीवर जीपीएस बांधून पाहिलं तर ओळखीच्या भागात कबुतरं चक्क रस्त्यांवरून, वळणं घेत उडताना दिसली. आता मला सांगा, सूर्य, चुंबकत्व, वास, खालच्या खुणा, एवढं सगळं जुळवायला अनुभव लागणार की नाही, दोन महिन्यांच्या पोराकडे तो कुठून येणार, आपण थोडा थोडा दिला तरच येणार.

थव्याचंही एक आहे. पिल्लं एकमेकांच्या मागे उडतात, त्यामुळे २० च्या २० परत आली तरी वाट शोधणारी चार-पाचच असू शकतात, बाकीची नुसती मागे मागे. रेसमध्ये हजारो कबुतरं एकत्र सुटतात आणि अशी पिल्लं दुसऱ्यांच्या थव्याबरोबर भलतीकडे ओढली जातात. म्हणून शेवटचे काही टॉस मी दोन-दोन किंवा एकेकटं सोडून करतो, तेही जवळून, १५-२० किलोमीटरवरून. वेळ जातो, पाठ दुखते, पण यानेच सगळ्यात जास्त फरक पडलाय.

तब्येतीबद्दल थोडक्यात. पॅरामिक्सो या विषाणूच्या आजाराची लस ट्रेनिंग सुरू व्हायच्या बरीच आधी झालेली पाहिजे, मान वाकडी झाल्यावर धावून उपयोग नाही. दाणा उलटून टाकणारं, पाण्यासारखी हिरवी विष्ठा करणारं एक जरी पिल्लू दिसलं तरी सगळ्यांचं ट्रेनिंग बंद आणि डॉक्टरांना दाखवायचं, कारण बास्केटमध्ये आजार फार पटकन पसरतो. दाणा प्रत्येकी ३० ग्रॅमच्या आसपास, आणि जव सगळ्यात शेवटी खातात म्हणून जव शिल्लक राहायला लागले की समजायचं पोट भरलं. उपाशी ठेवून घरी आणायचा हिशोब मला मान्य नाही, थोडी भूक वेगळी आणि रिकामी टाकी वेगळी.

रेस घेणाऱ्या मंडळींनाही हात जोडून सांगणं आहे. १९९७ च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या नाँतहून इंग्लंडसाठी सोडलेल्या मोठ्या रेसमध्ये हजारो अनुभवी कबुतरं परतली नाहीत, अशा दिवसाला आमच्यात स्मॅश म्हणतात. तिथे मोठ्यांचं असं झालं तर पिल्लांचं काय होईल. पहिली रेस छोटी ठेवा, बास्केटमध्ये गर्दी कमी करा, गाडीत पाणी नीट पोचतंय का ते स्वतः बघा, आणि हवा संशयास्पद वाटली तर एक दिवस थांबा. वेळापत्रक बदललं म्हणून चार लोक ओरडतील, ओरडू द्या.

आता सगळ्या वाचकांसाठी, खरं तर हा भाग नाही छापला तर पत्राचा निम्मा उपयोग गेला. ट्रेनिंगच्या दिवसांत तुमच्या गच्चीवर किंवा खिडकीत पायात रिंग असलेलं कबुतर येऊन बसलं, जवळ गेलात तरी उडालं नाही, तर ते दमलेलं पिल्लू असण्याची शक्यता खूप आहे. आधी पाणी द्या, आणि उथळ ताटलीत नाही, बोटभर खोल भांड्यात, कारण कबुतर चोच बुडवून एका दमात पाणी ओढतं. मग कच्चं धान्य, ब्रेड किंवा शिजलेलं काही नको. मांजरापासून लांब, भोकं पाडलेल्या खोक्यात रात्रभर राहू द्या. रिंगवर अक्षरं, वर्ष आणि नंबर असतो, त्याचा नीट फोटो काढा आणि कबुतरांच्या जवळच्या संघटनेला कळवा, त्यावरून मालक सापडतो. जखम नसेल तर बऱ्याचदा एक-दोन दिवसांत ते स्वतःच निघतं, स्वच्छ आकाश असताना सकाळी मोकळ्या जागेतून सोडा. रिंग कापू नका, पंख कापू नका.

आणि मालकाला फोन गेल्यावर तो म्हणाला की नको मला, वाट चुकलेलं कबुतर माझ्या काय कामाचं, तर वाचकहो, त्याला तिथेच खडसवा, माझ्या वतीने खडसवा. मी असे फोन ऐकलेत आणि मला त्याची लाज वाटते. ज्याच्या पायात तुम्ही सातव्या दिवशी स्वतःच्या हाताने रिंग घातली ते तुमचंच आहे, गाडी काढा आणि घेऊन या. मी असं आणलेलं एक पिल्लू, दोन दिवस कुणाच्या तरी बाल्कनीत बसलेलं, पुढच्या वर्षी ३०० किलोमीटरवरून माझ्या लॉफ्टवर सगळ्यात आधी आलं.

आपला,
एक कबूतरप्रेमी वाचक