वासरांच्या न्यूमोनियाकडे लक्ष द्या

संपादक महोदय,

सत्तरी तालुक्यात पावसाळा लागला की गोठ्यातली वासरं मान लांब करून धापा टाकतात, नाकातून पिवळट शेंबूड गळतो आणि लोक म्हणतात थंडी लागली. पण त्यामागे मॅनहायमिया हेमोलिटिका नावाचा जंतू असू शकतो. तो धडधाकट गुरांच्याही नाका-घशात असतो, पण टेम्पोतून लांबून आणलेलं जनावर दमलं किंवा आधी व्हायरस लागला की फुफ्फुसात उतरतो आणि ल्युकोटॉक्सिन नावाचं विष सोडतो, जे रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पांढऱ्या पेशीच मारतं, म्हणजे राखणदारच आधी संपला! म्हणूनच नुसते मारलेले जंतू टोचून पूर्वी फारसा फायदा झाला नाही, हे विष निष्प्रभ करून अँटिजेन म्हणून, म्हणजे शरीराला शत्रूची ओळख पटवणारा घटक म्हणून, लशीत घातलं तर शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं.

आपल्याकडे पावसाआधी गुरांना घटसर्पाची लस देतात, ती द्यायलाच हवी, पण घटसर्पाचा जंतू वेगळा, पाश्चुरेला मल्टोसिडा, ती लस ह्या मॅनहायमियासाठी नाही. हे दूधवाल्यांना कोणीतरी नीट समजावून सांगा हो. आणि न्यूमोनियाने मेलेल्या जनावराचं सॅम्पल लॅबला पाठवायची सोय पशुसंवर्धन खात्याने तालुक्यातच करावी, ही कळकळीची विनंती.

- एक दूध उत्पादक, वाळपई