दिवाळी ते होळी : एचआयव्हीच्या औषधात खंड नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१ डिसेंबरचा जागतिक एड्स दिन जवळ आला की आपल्याकडे प्रभातफेऱ्या निघतात, भित्तिपत्रकांच्या स्पर्धा होतात. त्या व्हाव्यातच, परंतु याच सुमारास, दिवाळी आटोपून, सातपुड्यातील पाड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या गुजरातकडे निघालेल्या असतात आणि त्यांत एचआयव्हीचे औषध रोज घेणारी माणसेही असतात. नंदुरबार जिल्ह्यात परिचारिका म्हणून बरीच वर्षे काम करून निवृत्त झाल्यावर हे पत्र लिहीत आहे ते त्यांच्यासाठी.

भारतात एचआयव्हीची लागण प्रथम उघडकीस आली ती १९८६ साली, मद्रासमध्ये. हा आजार आपल्या देशात येणारच नाही, असे तेव्हा अनेक जाणती माणसेही मानत होती. मद्रास मेडिकल कॉलेजातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. सुनीती सॉलोमन यांनी मात्र आपल्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांना देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे रक्तनमुने तपासायला लावले. तपासणीची सोय शहरात नसल्याने नमुने वेल्लोरला न्यावे लागले आणि त्यांतील सहा बाधित निघाले. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासेत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. आपल्याकडे हे फारसे कोणाला ठाऊक नाही, म्हणून मुद्दाम सांगते. निदान करून त्या थांबल्या नाहीत. बाधितांना घरचे लोक आणि दवाखानेही दूर लोटतात हे पाहून १९९३ साली त्यांनी वडिलांच्या नावाने संस्था काढली आणि संशोधनाला शुश्रूषेची जोड दिली.

पुढे या संस्थेने आणि पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने ज्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात भाग घेतला, त्याचा निष्कर्ष आपल्या प्रत्येक आरोग्य कर्मचाऱ्याला पाठ असायला हवा. डॉ. मायरन कोहेन यांच्या नेतृत्वाखाली नऊ देशांतील १,७६३ जोडपी त्यात होती. प्रत्येकात एक जोडीदार बाधित आणि दुसरा निरोगी. काही बाधितांना औषध लगेच सुरू केले, तर इतरांना सीडी-४ (रोगांशी लढणाऱ्या रक्तातील) पेशी घटल्यावर. २०११ साली निष्कर्ष जाहीर झाले, तेव्हा बाधित जोडीदाराकडूनच लागण झाल्याच्या २८ घटना सिद्ध झाल्या होत्या आणि त्यांपैकी लगेच औषध मिळालेल्या गटातली होती फक्त एक. रक्तातील विषाणू चाचणीत सापडू नयेत इतके कमी राहिले, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे नंतरच्या अभ्यासांनीही दाखवून दिले. आपल्या सरकारी केंद्रांत हे औषध २००४ पासून मोफत मिळते आणि २०१७ पासून, सीडी-४ कितीही असो, निदान होताच सुरू करता येते.

मात्र गोळ्या थांबल्या की थोड्याच आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढू लागतात, आणि वारंवार खंड पडला तर तेच औषध पुढे लागू पडेनासे होण्याचा धोका असतो. आमच्या भागात हा खंड पडतो तो दिवाळी ते होळी. मुकादमाची उचल घेतलेला माणूस गोळ्यांसाठी फडावरून रजा मागू शकत नाही आणि कशासाठी जायचे हे सांगूही शकत नाही. माझ्या पाहण्यातली एक तरुण बाई (तिची ओळख पटेल असे काही लिहीत नाही) टोळीबरोबर निघण्याआधी गोळ्या घ्यायला एका केंद्रावर गेली, तेव्हा भरल्या रांगेत तिच्या आजाराचा मोठ्याने उच्चार झाला. ती तशीच परत फिरली. होळीला ती गावी आली तेव्हा तिला ताप आणि खोकला होता, अंगावर मांस उरले नव्हते. तिला झालेला क्षयरोग पुढे बरा झाला, गोळ्याही पुन्हा सुरू झाल्या. परंतु ते चार महिने तिला सोसावे लागायला नको होते. संमतीवाचून कोणाच्याही एचआयव्ही स्थितीची वाच्यता करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागूही आहे.

म्हणून माझी आरोग्य विभागाला विनंती आहे की, स्थलांतर करणाऱ्या आणि प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांना टोळ्या निघण्यापूर्वीच पूर्ण हंगामाच्या गोळ्या द्याव्यात. करोनाच्या काळात एकावेळी अनेक महिन्यांच्या गोळ्या दिल्या गेल्याच होत्या. ज्यांना ते शक्य नाही, त्यांना गुजरातमधील जवळच्या एआरटी केंद्राचा (एचआयव्हीचे औषध देणाऱ्या सरकारी केंद्राचा) पत्ता आणि चिठ्ठी देऊन पाठवावे, आणि नंतर फोन करून ते तिथे पोहोचले का याची चौकशी समुपदेशकाने करावी. भुसावळसारख्या जंक्शनवर किंवा महामार्गावर धुळ्याजवळ थांबणाऱ्या वाहनचालकांनाही याचा उपयोग होईल.

होळीच्या आधी सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतात आणि बाहेरगावी गेलेली माणसे हटकून परततात. तेथे एचआयव्हीचा फलक लावून टेबल मांडू नये, कारण त्या टेबलाजवळ कोणीही फिरकणार नाही. रक्तदाब, साखर आणि क्षयरोग यांच्या तपासणीसोबत, ज्याची संमती असेल त्याची ही तपासणीही आडोशाला व्हावी आणि बोलणारी व्यक्ती पावरी किंवा भिली या इथल्या बोली जाणणारी असावी. यंदाच्या बहुतेक टोळ्या निघून गेल्या आहेत. होळीला परतणाऱ्यांसाठी तरी ही तयारी आतापासून सुरू व्हावी.

आपली,
एक सेवानिवृत्त परिचारिका,
शहादा, जि. नंदुरबार