आमच्या गाण्यांसाठी तुमच्या अर्जात रकाना कुठे आहे? सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरचा. मराठी रॉक करणाऱ्या एका बँडमध्ये गिटार वाजवतो आणि गाणी लिहितो. गेल्या शनिवारी आमच्या पहिल्या अल्बमचा कार्यक्रम होता. सभागृह दोन महिने आधी बुक केलेलं, पूर्ण भाडं आणि अनामत भरलेली, पावती हातात. गुरुवारी संध्याकाळी फोन आला : शनिवारी एका पक्षाचा मेळावा ठरलाय, तुमची तारीख रद्द. कारण विचारलं तर म्हणाले, वरून सांगितलंय. लेखी द्या म्हटलं तर पावतीची मागची बाजू वाचा म्हणाले. तिथे बारीक अक्षरात छापलेलं आहे की कोणतंही कारण न देता आरक्षण रद्द करण्याचा अधिकार व्यवस्थापनाला आहे.

भाडं परत मिळेल असं सांगितलंय. कधी, ते सांगितलेलं नाही. पण भाडं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग होता. साउंडवाल्याने त्या दिवसाची दुसरी ऑर्डर सोडली होती, त्याचा ॲडव्हान्स आम्ही कुठल्या तोंडाने मागणार? लाइट्स, बॅनर, अल्बमच्या छापील प्रती, पुण्याहून येणाऱ्या व्हायोलिनवाल्याचं तिकीट, सगळं गेलं. ज्यांनी ऑनलाइन तिकिटं काढली त्यांना पूर्ण पैसे परत केले, मधला कट आमच्या खिशातून. या अल्बमवर आमचे तीन लाखांच्या वर खर्च झालेत. आमचा ड्रमर फौंड्रीत कामाला आहे, त्याने बिनपगारी रजा घेतली होती. गाणारी मुलगी इचलकरंजीच्या एका शाळेत शिकवते. तिच्या वर्गातल्या मुलांच्या आईबापांनी तिकिटं घेतली होती, त्या प्रत्येकाला तिने स्वतः फोन करून कार्यक्रम रद्द झाल्याचं सांगितलं. माझ्या वडिलांनी आजवर आमचं एकही गाणं पूर्ण ऐकलेलं नाही. त्यांनी शनिवारसाठी गावाहून चुलत्यांना बोलावून घेतलं होतं. चुलते आले, जेवले, आणि रविवारी सकाळच्या एसटीने परत गेले. जेवताना कुणी काही बोललं नाही, आणि ते मला जास्त लागलं.

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत मित्राच्या वर्कशॉपमध्ये आम्ही सराव करतो, रात्री मशिनं बंद झाल्यावर. वर पत्रा. उन्हाळ्यात गिटार दर गाण्याला उतरते, पावसाळ्यात पत्र्याच्या आवाजात बेस ऐकू येत नाही. असं काढलेलं हे काम आहे, साहेब. फोनवरच्या एका वाक्याने ते रद्द होतं याची मला चीड आहे, आणि ती मी या पत्रात लपवणार नाही.

आता मूळ मुद्दा. सभागृहाच्या अर्जात ‘कार्यक्रमाचा प्रकार’ असा रकाना होता. नाटक, लावणी, ऑर्केस्ट्रा, शालेय संमेलन, सभा. आम्ही यातलं काहीच नाही. तिथल्या क्लार्कने ऑर्केस्ट्रावर टिक केली, कारण गिटार आणि ड्रम्स आहेत. ऑर्केस्ट्राचा दर नाटकापेक्षा बराच जास्त. आम्ही स्वतः लिहिलेली, स्वतः चाली लावलेली मराठी गाणी सादर करणार, म्हणजे नाटकवाल्यांसारखंच नवं काम करणार, हे त्यांना पटत होतं. सवलत मात्र देता येत नव्हती, कारण तसा प्रकारच नाही. पुढे परवान्यासाठी गेलो तिथे विचारलं, कोणत्या सिनेमातली गाणी? म्हटलं, आमची आहेत. म्हणजे कोणाची? पुन्हा आमचीच म्हटलं. मग गाण्यांचे शब्द टाइप करून द्या, ही गाणी आमचीच असल्याचं स्टॅम्प पेपरवर लिहून द्या, आणि साडेनऊला बंद करा. सभागृह चारी बाजूंनी बंद होतं. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहानंतरची बंदी घालताना प्रेक्षागृहासारख्या बंद जागांना स्पष्ट वगळतात. मी तो नियम छापून नेला होता, तो कुणी हातात घेतला नाही.

हा प्रकार एका टेबलापुरता असता तर मी तुम्हाला लिहिलं नसतं. करांच्या कायद्यातही हेच आहे. कलाकाराने सादरीकरणासाठी घेतलेलं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर जीएसटी माफ आहे, पण फक्त लोककला आणि शास्त्रीय कलांना. नव्या गाण्यांना नाही. आमची वर्षाची उलाढाल जीएसटी लागू होण्याच्या वीस लाखांच्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे आज आम्हाला तो कर भरावा लागत नाही हे खरं. पण साउंडच्या बिलावर १८ टक्के आम्ही देतोच, आणि आमचं तिकीट ५०० रुपयांच्या आतलं, करमाफ असल्यामुळे ते पैसे कुठून वळतेही होत नाहीत. जीएसटी केंद्राचा आहे हे मला माहीत आहे. जीएसटी परिषदेत महाराष्ट्राची खुर्ची आहे, हे तुम्हालाही माहीत आहे.

शासनाला संगीत दोनच प्रकारचं दिसतं, जुनं किंवा मोठं. जुन्याला पुरस्कार आणि महोत्सव. मोठ्याला मैदान. २०२३ साली मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा हा परदेशी संगीत महोत्सव झाला. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे कार्यक्रम झाले, मग अहमदाबादच्या कार्यक्रमांसाठी मुंबईहून विशेष रेल्वेगाड्या सुटल्या, आणि त्याच महिन्यात पंतप्रधान भुवनेश्वरच्या भाषणात कॉन्सर्टच्या अर्थव्यवस्थेबद्दल बोलले. त्या कार्यक्रमांना माझा विरोध नाही. चांगला साउंड ऐकला की आमची पोरं चार गोष्टी शिकून येतात. पण त्या अर्थव्यवस्थेत दोनशे खुर्च्यांच्या हॉलला जागा नसेल तर उद्याचे मोठे बँड येणार कुठून? सगळे बँड आधी छोट्या खोल्यांतच वाजवतात. मुंबईत १९८०च्या दशकात इंग्रजी रॉक करणारी मुलं धोबी तलावच्या रंगभवनात घडली. जॅझ यात्रा हा जॅझ संगीताचा महोत्सवही तिथलाच. रुग्णालय आणि शाळा-कॉलेजच्या शेजारामुळे रंगभवन शांतता क्षेत्रात गेलं आणि सरकारी मालकीचं ते खुलं नाट्यगृह दोन दशकांहून जास्त काळ गाण्यांसाठी बंद आहे. ते पुन्हा सुरू करण्याच्या घोषणा मी शाळेत असल्यापासून वाचतोय.

आणि आवाजाचं म्हणाल तर या जिल्ह्यात आवाजाबद्दल कोणी आम्हाला शिकवू नये. मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंती लागतात तेव्हा आमच्या गल्लीत काचा थरथरतात, म्हाताऱ्या माणसांना दुसऱ्या गावी नेऊन ठेवावं लागतं. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. डॉल्बीच्या भिंतीसमोर कुठल्याही मिरवणुकीत ती पाळली जात नाही, आणि हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतं. रात्री बारापर्यंत लाउडस्पीकर लावायला वर्षातले पंधरा दिवस सवलत देता येते, त्यात सांस्कृतिक कार्यक्रमही बसतात असं नियम सांगतो. ते दिवस सणांच्या आणि जयंत्यांच्या मिरवणुकांत संपतात. २०२५ मध्ये गणेशोत्सव राज्यमहोत्सव झाला याचा मला आनंदच आहे, आमच्या ड्रमरने पहिला ताशा मंडळातच वाजवला. माझं म्हणणं एवढंच आहे की मागे दोन हजार माणसं आणि एक नेता असला की आवाज चालतो, आणि चार पोरं स्वतःची गाणी घेऊन आली की नियम आठवतो.

कोल्हापूरला कलापूर म्हणतात. ते नाव कसं मिळालं, ते जरा बघा. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात ठेवलं तेव्हा खाँसाहेबांची गायकी जुनी नव्हती, ते ती घडवत होते. तिचं घराणं पुढे झालं. १९१५ मध्ये महाराजांनी पॅलेस थिएटर बांधलं ते त्या वेळी नवी नाटकं, नव्या चालीची पदं व्हावीत म्हणून. पुढे ते केशवराव भोसले नाट्यगृह झालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मी त्या रात्री रस्त्यावर होतो. माझ्या शेजारी उभे असलेले रंगकर्मी रडत होते. तेव्हापासून शहरात जागेची किती ओढाताण आहे ते नाटकवाल्यांना विचारा. त्यांची ही अवस्था, तर आम्हाला कोण विचारणार? महाराजांनी जिवंत माणसांच्या पाठीशी पैसा आणि वेळ उभा केला. आज आपण त्यांच्या काळातल्या कलाकारांच्या तसबिरींना हार घालतो आणि आजच्या कलाकाराची तारीख मेळाव्यासाठी रद्द करतो.

लोक म्हणतात, आता स्टेज कशाला, ऑनलाइन टाका. टाकलंय. गाणी ऐकवणाऱ्या स्पॉटिफाय ॲपने २०२४ पासून नियम केलाय की बारा महिन्यांत एक हजारापेक्षा कमी वेळा ऐकलं गेलेलं गाणं रॉयल्टीला पात्रच नाही. आमच्या अल्बममधली निम्मी गाणी त्या रेषेच्या खाली आहेत. रेषेच्या वरच्यांचे मिळून एका गिटारच्या तारांच्या सेटएवढे पैसे येतात. आम्हाला ऐकणारा माणूस समोर बसल्याशिवाय मिळत नाही. तो प्रयोगाला येतो, गाणं डोक्यात घेऊन घरी जातो आणि मग फोनवर शोधतो. बँडचं पोट कार्यक्रमावर चालतं. कार्यक्रम रद्द झाला की अल्बमही रद्द झाल्यासारखाच.

म्हणून सांगतो, शासकीय आणि पालिकेच्या सगळ्या सभागृहांच्या अर्जांत स्वरचित संगीताचा वेगळा प्रकार टाका आणि त्याला मराठी नाटकाचा दर लावा. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे, गावोगावची हौशी मंडळी तिच्यासाठी वर्षभर राबतात. तशी एखादी स्पर्धा नवी गाणी करणाऱ्या बँडसाठी का नसावी? परवाने एका ठिकाणी मिळावेत. भरलेलं आरक्षण राजकीय कार्यक्रमासाठी रद्द करता येणार नाही असा शासन निर्णय काढा, आणि केलंच तर झालेला सगळा खर्च भरून द्यायची जबाबदारी रद्द करणाऱ्यावर टाका.

यातलं शेवटचं होणार नाही, हे लिहितानाच मला कळतंय. कारण तारखेचा प्रश्न फक्त गाण्याचा नाही. या राज्यात सामान्य माणसाची प्रत्येक तारीख कच्ची असते. आमचा बेसिस्ट स्पर्धा परीक्षा देत होता. परीक्षा पुढे गेली, मग निकाल लांबला, मग नेमणूक लटकली, आणि तो आता एका फायनान्स कंपनीत वसुली करतो. पुरात घर गेलेल्या माझ्या आत्याला पंचनाम्याची तारीख मिळते, मदतीची मिळत नाही. नेत्याच्या दौऱ्याची तारीख मात्र पक्की असते, तिच्यासाठी रस्ते धुतले जातात, शाळेतली मुलं उन्हात उभी केली जातात आणि सभागृहं रिकामी केली जातात. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली तेव्हा आम्ही वर्कशॉपमध्येच होतो, सगळ्यांनी मिळून चहा मागवला होता. मी मराठीतच लिहितो. हिंदीत लिही, चार पैसे मिळतील, असं सांगणारे रोज भेटतात. माझ्या बरोबरीची तीन चांगली वाजवणारी पोरं पुण्या-बेंगळुरूला गेली आणि आता लग्नांत दुसऱ्यांची गाणी वाजवतात. भाषेचा गौरव करणाऱ्या एकाही समारंभात मी त्या भाषेत गेल्या महिन्यात लिहिलेलं गाणं ऐकलेलं नाही. तिथे सत्काराला वेळ असतो, मनोगताला असतो, आभाराला असतो.

हे पत्र तुमच्या कार्यालयात पोचेल तेव्हा ते ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ दुसऱ्या विभागाकडे पाठवू नये ही विनंती. मला दोन प्रश्नांची उत्तरं लेखी हवी आहेत. स्वरचित संगीताला सभागृहाच्या दरपत्रकात जागा देणार का, आणि रंगभवन उघडणार की नाही. नाही असेल तर नाही लिहा. आम्ही पुढच्या महिन्यात कार्यक्रम करतोय, त्याच वर्कशॉपमध्ये, तिकीट दोनशे रुपये. जागा कमी आहे, म्हणून दोन खेळ लावलेत. आपण आलात तर पुढच्या रांगेत वेगळी खुर्ची ठेवता येणार नाही, पण गाणी सगळी ऐकवू.

आपला,
कोल्हापूरच्या एका बँडचा गिटारवादक