मूळ वर्गणीवर जोडचॅनेलचा वेगळा खर्च

संपादक महोदय, स.न.वि.वि.

इंदुरातल्या मराठी घरांत आता केबलची जागा ओटीटीने घेतली आहे, पण खर्चाचा हिशेब कोणी ठेवत नाही. प्राइम व्हिडिओने सप्टेंबर २०२१मध्ये भारतात 'चॅनेल्स', म्हणजे त्याच ॲपमध्ये इतर ओटीटी सेवा पाहण्याची सोय, सुरू केली. ही चॅनेल मूळ वर्गणीत येत नाहीत, त्यांचे पैसे वेगळे लागतात. महिना ९९ रुपयांची दोन चॅनेल घेतली, तर वर्षाला २,३७६ रुपये होतात.

खरी गोम मोफत चाचणीत आहे. ती सुरू करतानाच ऑटोपेला मंजुरी दिली जाते आणि मुदत संपली की पैसे आपोआप कापले जातात. ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही! जिथून चॅनेल घेतले तिथेच, खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ते रद्द करावे. मग यूपीआय ॲपमधील ऑटोपेची यादी तपासावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते; ज्येष्ठांच्या फोनवरचा तो संदेश घरच्यांनी जरूर वाचावा. रद्द करूनही पैसे कापले गेले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

– एक वाचक, इंदूर