घर विकायच्या आधी हे वाचा

बेसा, नागपूर
रविवार, दुपारचे तीन

ती. आई आणि ती. बाबा,
सा. नमस्कार.

एकाच गावात राहून पत्र लिहून राहिली म्हणून हसाल. पण फोनवर हे बोलणं होत नाही. आई स्पीकर लावते, बाबा मधूनच "जेवली का?" विचारतात आणि माझं अर्धं वाक्य तिथेच राहून जातं.

दादाने परवा सांगितलं की दलाल येऊन घर पाहून गेला, टेप लावून मोजमापही घेतलं. महाल भागातलं घर काढायचं आणि आमच्याच बिल्डिंगमध्ये खालचा फ्लॅट घ्यायचा, असं तुम्ही ठरवत आणलंय. खोटं कशाला बोलू, आधी मला आनंदच झाला. आई खालच्या मजल्यावर म्हणजे डब्याची चिंता मिटली, इतकी स्वार्थी मी आहेच. रात्री मात्र झोप लागली नाही.

तुम्ही आजवर इथे आलात ते रविवारी. रविवारचं बेसा म्हणजे लग्नघर. गाड्या उभ्या, पोरं खाली क्रिकेट खेळतात, कोणाच्या तरी घरून सावजीच्या मसाल्याचा वास. सोमवार तुम्ही पाहिलाच नाही.

सोमवारी साडेसहाला टँकरचा हॉर्न वाजतो. महापालिकेची हद्द इथवर येत नाही, त्यामुळे महालासारखं नळाचं पाणी नाही. बोअर आणि टँकर. बोअरचं पाणी इतकं जड की स्वयंपाकाच्या गंजाच्या तळाला चुन्यासारखा पांढरा थर बसतो, आणि आई, तुरीची डाळ काही केल्या गळत नाही. चार शिट्ट्यांनंतरही दाणा दाणा वेगळा. पहिल्या वर्षी मला वाटलं डाळच जुनी. आता वरणापुरतं पिण्याचं पाणी वेगळं काढते.

सातला हे बुटीबोरीच्या कंपनीच्या बसला जातात. पावणेनऊला मी तोंडाला दुपट्टा गुंडाळून गाडी काढते. बेसा चौकात शाळेच्या व्हॅन, पाण्याचे टँकर, विटांचे ट्रॅक्टर एकमेकांत घुसलेले असतात. त्यातून निघालं की मनीषनगरचा पूल. बाबा, तुम्हाला तिथलं रेल्वे फाटक आठवत असेल. एक मालगाडी निघाली की दुसरी येईपर्यंत गाडी बंद करून उभं राहायचं. आता पुलावरून थेट उज्ज्वलनगर स्टेशन गाठते, तिथे गाडी लावते आणि मेट्रोने कस्तुरचंद पार्क. पावसाळ्यात पुलाखालच्या रस्त्यात गुडघाभर पाणी साचतं तेव्हा सगळं बेसा पुलावर चढतं, मग काय होतं ते विचारू नका.

मेट्रो मात्र मला आवडते, तुम्ही कितीही नाक मुरडलं तरी. २०१९च्या मार्चमध्ये खापरी ते सीताबर्डी सुरू झाली तेव्हा "नागपूरला मेट्रो कशाला, रिकामी धावेल" म्हणाला होतात. आता कधी माझ्यासोबत सकाळी चला, उभं राहायला जागा मिळाली तर सांगा. वर्धा रोडवर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वरून आपण, असं सव्वातीन किलोमीटरला थोडं कमी, ३.१४ किलोमीटर चालतं. खिडकीतून खालच्या पुलावरच्या गाड्यांचे टप दिसतात. त्या वीस-पंचवीस मिनिटांत मी कोणाची बायको नसते की कोणाची मॅडम नसते. पण हे सुख कामावर जाणाऱ्याचं आहे. घरी राहणाऱ्याच्या वाट्याला बेसा उरतं, मेट्रो नाही.

हे मला मार्चमध्ये कळलं. तापाने मी दोन दिवस घरी होते, आठवतं ना? घर घेऊन इतकी वर्षं झाली, पण कामाच्या दिवशी दुपारी मी घरात कधी नव्हतेच. दहा वाजता जिन्यावरची कुलपं धडाधड लागली आणि मग जे शांत झालं ते संध्याकाळी साडेसहापर्यंत. खिडकीतून किती माणसं दिसली ते मी झोपल्या झोपल्या मोजत होते. सिलिंडरवाला, पार्सलवाली दोन पोरं, पोछा करणाऱ्या बाया. आणि सहाव्या मजल्यावरचे आजोबा. ते अकराला खाली येतात, वॉचमनच्या बाजूला प्लास्टिकची खुर्ची सावलीत ओढतात आणि बसतात. ऊन सरकलं की खुर्ची सरकवतात. साडेतीनला नातवाची स्कूलबस येते, तेव्हा उठतात. दुसऱ्या दिवशीही तसंच. खुर्ची सरकवून सरकवून ते भिंतीच्या त्याच कोपऱ्यात आले होते.

बाबा, मला त्या खुर्चीत तुम्ही दिसलात.

तुमचा तिथला दिवस मला पाठ आहे. चिटणीस पार्कचा फेरा, येताना तर्री-पोहे ("अर्धीच प्लेट घेतली" हे आईला सांगायचं), बडकस चौकात पेपर आणि राजकारण. आईचं कल्याणेश्वर, तिथून भाजी, भाजीवालीशी भांडण, परत येताना तिलाच सुनेचं बाळंतपण विचारणं. ओट्यावर बसलं की दहा मिनिटांत कोणीतरी "काय म्हणता?" करतंच. इथे ओटा नाही, गेट आहे. गेल्या दिवाळीत गेटवर तुम्हाला रजिस्टर भरायला लावलं होतं. मी नंतर ते पान पाहिलं. नाव, फोन, फ्लॅट सगळं नीट, आणि "कामाचे स्वरूप" या रकान्यात तुम्ही लिहिलं होतं, "मुलगी". मी तेव्हा हसले होते.

बेसा वाईट आहे असं नाही. बिल्डिंगमागे अजून एक शेत उरलंय, कापसात तूर लावलेली. हिवाळ्यात तोच शेतकरी रस्त्यावर पोतं अंथरून तुरीच्या शेंगा विकतो. रात्री मोकळ्या प्लॉटवर टिटवी ओरडते. जाहिरातीत मात्र यातलं काही नव्हतं. तिथे "विमानतळ दहा मिनिटांवर" होतं. आपल्या घरात विमानात बसलंय कोण?

आणि उन्हाळा. २०१३च्या मेमध्ये पारा ४७.९ वर गेला होता, तेव्हाही तुम्ही मधल्या खोलीत माठाजवळ चटई टाकून झोपलात. त्या पांढऱ्या मातीच्या दीड हात भिंती दलालाच्या हिशेबात पाडकाम म्हणून आल्या असतील. तुम्हाला दाखवलेला फ्लॅट पश्चिमेचा आहे. चार वाजता भिंतीला हात लावून पाहा, मग इसार द्या.

आता तुम्ही म्हणाल, पोरीला आम्ही नको झालो. आई तर म्हणेलच. तसं नाही गं. जिना बाबांच्या गुडघ्यांना झेपत नाही, रात्री काही झालं तर जवळ कोणी नाही, हे मलाही कळतं. म्हणून माझं म्हणणं ऐका. खाली बैठकीच्या बाजूची कोठी रिकामी करून तिथे पलंग टाकू, संडास-बाथरूम खालीच करून घेऊ. खर्च दादा आणि मी अर्धा अर्धा. आमचं बोलणं झालंय. आणि कडक उन्हाचा नवतपा संपून दोन पाऊस पडले की महिनाभर इथे राहायला या. महिनाभर, रविवारपुरतं नाही. सगळे सोमवार पाहा. त्यानंतरही इथेच यावंसं वाटलं तर मी स्वतः तुमच्यासोबत रजिस्ट्रीला येईन.

यायला ऑटोवाल्याशी हुज्जत नको. चितारओळीत, जिथून आपण गणपती आणतो, तिथेच आता स्टेशन आहे. लिफ्टने वर जा, बर्डीला उतरून खापरीची गाडी धरा. उज्ज्वलनगरला मी उभी असेन. आई, गच्चीची किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवून ये. तान्ह्या पोळ्याला तुझा नातू लाकडी बैल घेऊन तुमच्याच गल्लीत बोजारा म्हणून खाऊ-पैसे मागणार आहे, इथे दार वाजवलं तर लोक आधी कॅमेऱ्यात पाहतात. आणि मारबतीच्या मिरवणुकीला मी रजा टाकली आहे.

तुमची,
छोटी