शिक्षकांना सल्ले नकोत, मोकळे तास द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला शिक्षकांच्या ताणावरचा लेख वाचला. दीर्घ श्वास घ्या, पुरेसं झोपा, छंद जोपासा. हे सल्ले चुकीचे नाहीत. पण सगळं शिक्षकानंच करायचं. शाळेनं काय करावं, याबद्दल एक ओळही नाही. याचा मला मनापासून राग आला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउट, म्हणजे कामाच्या सततच्या ताणानं माणूस आतून रिकामा होणं, हा आजार नसून कामाशी निगडित प्रकार असल्याचं स्पष्ट केलं आहे. मग त्यावरचे उपाय फक्त शिक्षकाच्या घरात का शोधायचे?

माझी एक सहकारी भाषा शिकवायची. कुठल्या मुलाला काय वाचायला आवडतं, कोणाच्या घरी काय चाललंय, सगळं तिला ठाऊक. मग वर्गशिक्षकपदाबरोबर तिच्याकडे ऑनलाइन माहिती भरण्याचं काम आलं, रजेवरच्या शिक्षकांचे बदली तास आले. निबंधाच्या वह्या घरी जाऊ लागल्या, पालकांचे मेसेज रात्री उशिरापर्यंत. एकदा एक मुलगा स्वतःहून लिहिलेली गोष्ट तिला दाखवायला आला. मान वर न करता ती म्हणाली, ‘ठेव तिथं. रोल नंबर काय तुझा?’ तो आदल्या वर्षीही तिच्याच वर्गात होता. नंतर स्टाफरूममध्ये ती मला म्हणाली, ‘मला आता मुलांचं काहीच वाटत नाही गं.’ मी हादरले.

मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तिना मास्लाक यांच्या १९८१ च्या मापनपद्धतीत बर्नआउटची तीन अंगं आहेत: थकवा, समोरच्या माणसांपासून मन तुटणं आणि आपल्या हातून काही चांगलं होत नाही असं वाटणं. तुमच्या लेखात फक्त थकवा आला. उरलेली दोन अंगं झोप काढून जात नाहीत, आणि त्यांची झळ थेट मुलांना लागते.

आमच्या शाळेनं काय केलं? ताणमुक्तीची कार्यशाळा ठेवली, तीही सुट्टीच्या दिवशी, हजेरी सक्तीची. बदली तास तसेच राहिले. वर्षअखेरीला तिनं नोकरी सोडली. २०३० पर्यंत जगाला आणखी ४ कोटी ४० लाख शिक्षक लागतील, असं युनेस्को सांगते. आणि इथं हाताशी असलेली इतकी चांगली शिक्षिका आम्ही घालवून बसलो.

आणखी एक. लेखात घशाचा उल्लेखच नाही. शिक्षकांमध्ये आवाजाच्या तक्रारी इतर नोकरदारांपेक्षा जास्त असतात. भरलेल्या वर्गात तासामागून तास बोलायचं, तेही गोंगाटावर आवाज चढवून. बसलेला आवाज घेऊन पुढच्या वर्गावर जाणं हाही ताणच आहे.

पुढचा लेख कराल तेव्हा वर्गावर जाणाऱ्या शिक्षकांशी बोला. आणि शाळांना विचारा: आठवड्यात मोकळे तास किती? बदली तास कोणाच्या माथी? पालकांचे मेसेज किती वाजेपर्यंत? मिळतील ती उत्तरं छापा.

आपली,
एक शिक्षिका