मंत्रिमहोदय, गाड्यांच्या आधी जागा बघा

मा. पर्यटन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
यांस कोल्हापूरहून सादर नमस्कार. कॅराव्हॅन पर्यटनासाठी, म्हणजे झोपायची सोय असलेल्या गाडीतून केलेल्या सहलींसाठी, मुक्कामाच्या जागा कशा निवडाव्यात याबद्दल हे पत्र आहे.

मी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. हिमनदीची भूरूपे दरवर्षी फळ्यावर काढली, पण हिमनदीने घडवलेल्या जमिनीवर पाय ठेवला तो निवृत्तीनंतर. लेक अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकीला असते. तिच्याकडे गेलो तेव्हा जावयांनी आठवडाभरासाठी आरव्ही भाड्याने घेतली. आरव्ही म्हणजे आत झोपायला, स्वयंपाकाला जागा आणि संडास असलेली गाडी. आपल्या सरकारी भाषेत कॅराव्हॅन. ती घेऊन आम्ही मिलवॉकीच्या उत्तरेला असलेल्या केटल मोरेन या सरकारी जंगलात मुक्कामाला गेलो.

मला आपल्याला सांगायचे आहे ते या सहलीच्या आधीच्या एका संध्याकाळबद्दल. लेक, जावई आणि मी जागा निवडायला बसलो होतो. त्या जंगलात तळ्याकाठचे दोन मुक्कामतळ होते. लाँग लेक की मॉथी लेक? मॉथी लेकला विजेची जोडणी असलेल्या जागा होत्या आणि आमच्या ह्यांना रात्री श्वासाचे यंत्र लावावे लागते, म्हणून मॉथी लेक ठरले. पण तिथली कोणती जागा? प्रत्येक जागेला नंबर होता आणि नंबरापुढे माहिती होती: किती फुटांची गाडी मावते, उतार आहे का, सावली किती, पाण्याचा नळ आणि संडास किती अंतरावर. ह्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे संडासाचे अंतर आम्हाला तळ्याच्या देखाव्यापेक्षा महत्त्वाचे होते. नात सात वर्षांची, म्हणून पाण्याच्या अगदी काठाची जागा नको होती. तासाभरात जागा ठरली. तिथे पोहोचलो तर माहिती खरी निघाली. मंत्रिमहोदय, ही साधी वाटणारी गोष्ट आपल्या राज्यात मला अजून कुठे मिळालेली नाही.

त्या जमिनीविषयी थोडे लिहिते, कारण माझे पुढचे म्हणणे त्यावरच उभे आहे. शेवटच्या हिमयुगात तिथे बर्फाच्या थराच्या दोन प्रचंड जिभा शेजारी शेजारी सरकत होत्या. दोघींच्या मधल्या फटीत दगडगोटे, वाळू, खडी साचत गेली आणि तिची लांबच लांब टेकाडे झाली. बर्फाचे मोठमोठे तुकडे त्या खडीत गाडले गेले. पुढे ते वितळले, वरची खडी खचली आणि कढईसारखे खड्डे तयार झाले. त्यांनाच तिथे केटल म्हणतात. काही खड्ड्यांत तळी झाली, काहींत दलदल. मॉथी लेक हे असेच एक तळे. आता राहणाऱ्याच्या दृष्टीने बघा. खडीच्या उंचवट्यावर पाणी थांबत नाही, खोलगटात थांबते आणि डासही तिथेच. आमची जागा उंचवट्यावर होती. रात्री धो धो पाऊस पडला, पण सकाळी शेजारच्या तंबूतली पोरे कोरड्या जमिनीवर खेळत होती. ज्यांनी ती जागा आखली त्यांनी आधी जमीन वाचली होती.

नियमही थोडके आणि स्पष्ट. एका जागेवर एक कुटुंब, कुटुंब नसेल तर जास्तीत जास्त सहा जण. रात्री ११ ते सकाळी ६ शांतता. शेकोटीचे लाकूड १० मैलांच्या आतलेच, किंवा कीडमुक्त असल्याचा दाखला असलेले, कारण ॲशची झाडे मारणारी कीड जळणातून गावोगाव जाते. आणि गाडीच्या टाकीतले मैलापाणी सोडायला ठरलेली एकच जागा. जावई निघताना तिथे रांगेत उभे राहिले, पाइप जोडला, टाकी रिकामी केली, फरशी धुतली, मगच गाडी रस्त्याला लागली.

त्याच वर्षी डिसेंबरात लेक नातीला घेऊन इकडे आली. नातीने हट्ट धरला, आजी, इथेही तंबूत राहू या. जिल्ह्यातल्याच एका धरणाच्या काठी आम्ही पैसे भरून गेलो. फोटोत हिरवळ होती. प्रत्यक्षात तंबू उतारावर, अंथरूण रात्रभर पायाकडे घसरत होते. चाळीसेक माणसांत एक संडास, तोही अंधारात. रात्री दोनपर्यंत गाणी. सकाळी मी मागच्या बाजूला गेले तर संडासाचा पाइप सरळ ओढ्यात सोडलेला आणि ओढा धरणात उतरत होता. नात अजून विचारते की परत कधी जायचे. तिला काय उत्तर द्यावे मला कळत नाही.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. हॉटेलचे दोन दोन खोल्यांचे भाडे न परवडणाऱ्या, म्हातारे आणि लेकरे बरोबर असणाऱ्या घरांना ही सोय हवी आहे. माझी विनंती एवढीच की जागा कुठे असाव्यात आणि कुठे कधीच नसाव्यात, हे आधी ठरवा.

आमच्या जिल्ह्यात कुठे नसाव्यात हे मी सांगू शकते. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट खडकाळ पठारावर नकोत. पन्हाळ्याजवळचे मसाई पठार बघून कोणालाही वाटेल की एवढे सपाट, एवढे मोकळे, गाड्या लावायला याहून चांगले काय? पण हा सडा म्हणजे बेसॉल्टवर लाखो वर्षे पाऊस पडून, खडक कुजून बनलेला जांभा आहे. वर माती बोटभर. पावसाळ्यात उथळ डबकी भरतात आणि त्यांच्यात सीतेची आसवे आणि इतर चिमुकली फुले उगवतात, तेवढ्या दोन-तीन महिन्यांतच त्यांचा सगळा संसार. गाडीचे चाक एकदा फिरले की ती बोटभर माती उरत नाही. विस्कॉन्सिनच्या खडीत खिळा ठोकून तंबू उभा राहतो, जांभ्यात खिळा जात नाही. मग लोक दगड उचलून दोऱ्यांवर ठेवतात आणि त्या दगडाखालच्या विंचू-पालींचे घर मोडते. मसाई पठार संवर्धन राखीव क्षेत्र आहे. ते तसेच ठेवा. राधानगरी अभयारण्यातल्या दाजीपूरच्या गव्यांच्या वाटेवरही नकोत. हे अभयारण्य २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे, पन्हाळगड २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांबरोबर त्या यादीत आला. गर्दी वाढणारच, आणि गर्दीबरोबर रिकामी जमीन शोधणारेही.

नदीकाठही नको. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांवर गेले की आमच्याकडे धोका सुरू होतो. २०१९ आणि २०२१ चे पूर आम्ही सोसलेत, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेलेला पाहिलाय. पूररेषेच्या आत एकही मुक्कामाची जागा मंजूर होऊ नये. शिवाय कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांच्या काठी जे सांडेल ते प्रयाग चिखलीला पंचगंगेत येते. पंचगंगेच्या प्रदूषणासाठी या शहराने कितीतरी आंदोलने केली आहेत. मैलापाणी घेण्याची आणि शुद्ध करण्याची सोय नसलेल्या जागेला परवानाच देऊ नका. ही एक अट पाळली तरी निम्मे काम झाले.

मग जागा कुठे? मला एक सुचते, आणि मी हे विचार करून लिहिते आहे. आमची गुऱ्हाळघरे. करवीर, पन्हाळा भागात कितीतरी गुऱ्हाळे बंद पडली आहेत, जी चालतात ती उसाच्या हंगामापुरती. गुऱ्हाळघर फक्त मोटारसायकल जाईल अशा अरुंद वाटेवर नसते, तिथे उसाने भरलेली ट्रॉली येऊन वळते, म्हणजे पंचवीस फुटी कॅराव्हॅनही वळेल. चिपाडे वाळवायला मोठे सपाट आवार असते. घाण्यासाठी विजेची जोडणी आणि विहीर किंवा बोअर असतोच. जमीन आधीच वापरातली, तिथे कुठले दुर्मीळ फूल मरणार नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत, जेव्हा लेकरे मोकळी असतात, तेव्हा आवार रिकामे असते. आवारात आठ-दहा गाड्यांच्या जागा, प्रत्येकीला १६ अँपिअरचा आर्थिंग असलेला सॉकेट, बायका-पुरुषांचे वेगळे संडास, उजेड, मैलापाण्याची बंद टाकी. चिपाडांपासून शेकोटी लांब, हे मात्र लेखी हवे. गुऱ्हाळवाल्या शेतकऱ्याला चार पैसे मिळतील आणि शहरातल्या पोराला उसाचा रस उकळायची काहील बघायला मिळेल. हंगामात आले तर गरम काकवी चाखतील. तिथून पन्हाळा, जोतिबा सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखे आहे. राधानगरीच्या रस्त्याला अशीच आवारे शोधता येतील. सड्यावर पायी जावे, बघावे, उतरावे. झोपायला खाली यावे.

आणि प्रत्येक जागेची माहिती मराठीत लावा. घाटातून किती लांबीची गाडी येऊ शकते, उतार, सावली, संडासाचे अंतर, विजेची क्षमता, सर्वांत जवळचा सरकारी दवाखाना. मोजमाप पर्यटन विभागाच्या माणसाने स्वतः टेपने घेतलेले असावे, मालकाने सांगितलेले नव्हे. भूगोलाची मुले या कामाला आनंदाने येतील. त्यांना उतार मोजायला मी शिकवीन, मानधनाशिवाय.

आपण जागा बघायला आलात तर कृपया डिसेंबरात येऊ नका. डिसेंबरात कोल्हापुरातली प्रत्येक जागा चांगली दिसते. जुलैत या, गगनबावड्याकडे ढग उतरलेले असताना. पाणी कुठे थांबते आणि कुठून वाहून जाते, हे त्या एका दिवसात आपल्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. मी छत्री घेऊन बरोबर येईन.

आपली नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
कोल्हापूर